‘जीवनदायी’तला आरोग्यमित्र: खानदेशातील एका सेवेचे परीक्षण

खानदेशात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे पूर्ण नाव सहसा कोणी घेत नाही. दवाखान्याच्या दारात अजूनही ‘जीवनदायीत बसते का’ एवढेच विचारले जाते. ते स्वाभाविकही आहे, कारण २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होते आणि जळगाव-नंदुरबारला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली, तेव्हा तेच नाव लोकांच्या तोंडी बसले. पुढे २०१७ मध्ये नाव बदलले, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, १३५६ उपचार आणि पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांचाही समावेश, असे तिचे विस्तारलेले रूप लागू झाले. परंतु रुग्णाच्या नातेवाइकाला हे सगळे आकडे माहीत असले तरी रात्री आठ वाजता, माणूस स्ट्रेचरवर असताना, नेमके कोणत्या खिडकीशी जायचे, कोणता कागद आधी दाखवायचा आणि कोणाच्या कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे त्या आकड्यांतून कळत नाही. ते सांगण्यासाठी योजनेने प्रत्येक अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसवलेला आहे. हे परीक्षण योजनेचे नसून त्या माणसाच्या सेवेचे आहे, आणि ती मी जळगावातील एका खासगी रुग्णालयात जवळून पाहिली आहे.

माझे मामा अमळनेर तालुक्यात कापूस आणि थोडा मका करतात. छातीत कळ आल्यावर अमळनेरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून, वेळ न दवडता, त्यांना जळगावला हलवायला सांगितले. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा दाखल करण्याच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याने ‘योजनेचे सकाळी बघू, आत्ता डिपॉझिट भरा’ असे सांगितले. योजनेचा मदत कक्ष औषधांच्या दुकानापलीकडे, जिन्याखालच्या कोपऱ्यात होता आणि त्याच्या फलकासमोर पाण्याचे यंत्र उभे केलेले होते. ज्याला तो ठाऊक नाही त्याला तो सापडणे कठीणच. तेथील आरोग्यमित्र घरी निघण्याच्या तयारीत होते. आमची हकीगत ऐकून त्यांनी खांद्यावरची पिशवी परत खुर्चीला अडकवली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: पैसे भरले का? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, ‘मग भरू नका, आधी मी बोलतो.’

तातडीच्या रुग्णासाठी सगळे कागद हातात नसतानाही फोनवरून कळवून उपचाराची परवानगी मिळवण्याची सोय योजनेत आहे आणि उरलेले कागद ठरलेल्या मुदतीत दिले तरी चालतात. ही सोय नियमात लिहिलेली आहे, हे खरे. पण ती नियमातून बाहेर काढून आमच्या मामांच्या फाइलवर आणण्याचे काम त्या गृहस्थांनी केले. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याशी त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी फोन लावला, मिळालेला क्रमांक फाइलच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला आणि ती फाइल स्वतः आयसीयूच्या दारापर्यंत नेऊन दिली. डिपॉझिटचा विषय तेथेच संपला.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली आणि ती आमच्या भागात घरोघरी निघेल अशीच आहे. मामांच्या केशरी शिधापत्रिकेवर आडनाव पाटील आहे, तर आधार कार्डावर मूळ कुळाचे आडनाव आहे. खानदेशात एकाच घरात दोन आडनावे चालतात, गावात त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, पण संगणकाला ती दोन वेगळी माणसे वाटतात. शिवाय मामांची शिधापत्रिका जुनी, हाताने लिहिलेली, आणि तिचा बारा अंकी क्रमांक घरात कोणालाच माहीत नव्हता. मामी हे ऐकून रडकुंडीला आल्या, तेव्हा आरोग्यमित्रांनी त्यांना अहिराणीत सांगितले, ‘काकू, घाबरू नका, रेशन कार्ड लई या, बाकी मी देखस.’ हे वाक्य मी मुद्दाम जसेच्या तसे देत आहे, कारण त्या सकाळपर्यंत रुग्णालयातील प्रत्येकाने मामींशी बोलताना इतकी औपचारिक मराठी आणि इतके इंग्रजी शब्द वापरले होते की त्या केवळ मान हलवत होत्या. या एका वाक्यानंतर त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारला. तालुक्याच्या पुरवठा शाखेत कोणाला भेटायचे, बारा अंकी क्रमांक कसा मागायचा आणि दोन्ही आडनावे एकाच व्यक्तीची असल्याबद्दल कोणता दाखला चालेल, हे त्यांनी माझ्या मामेभावाला फोनवरच नीट समजावून दिले. तो दुपारपर्यंत अमळनेरहून कागद घेऊन आला.

या सेवेतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अगदी साधी आहे. आरोग्यमित्रांनी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून तो कागद मामींच्या हातात दिला: फाइलचा क्रमांक, कोणत्या उपचारासाठी मंजुरी मागितली आहे, मंजुरी सध्या कोणाकडे अडलेली आहे आणि पुढचे उत्तर कधी अपेक्षित आहे. प्रत्येक वेळी काही बदलले की ते जुनी ओळ खोडून खाली नवी लिहीत. अँजिओग्राफीचा अहवाल नीट जोडला गेला नाही म्हणून फाइल एकदा त्रुटीचा शेरा मारून परत आली, तेव्हा तेही त्यांनी लपवले नाही. ‘परत आली, अहवाल पुन्हा पाठवला’ अशी ओळ आणि पुढे वेळ त्या कागदावर आली. दवाखान्यात माणसाला सर्वांत जास्त त्रास होतो तो आपल्या माणसाचे काय चालले आहे हे न कळण्याचा. मामींना अक्षरओळख बेताची आहे, पण तो कागद त्या येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला दाखवत आणि वाचून घेत, आणि त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्यांना एकच माहिती राहिली. ज्यांच्या घरात दहा माणसे दहा ठिकाणांहून फोन करून दहा सल्ले देतात त्यांना याची किंमत कळेल.

दुसरे काम त्यांनी केले ते डॉक्टरांना आमच्यासमोर आणण्याचे. अँजिओप्लास्टी करायची की बायपास, याबद्दल आम्ही दोन वेगवेगळ्या माणसांकडून दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या. आरोग्यमित्र वैद्यकीय सल्ला देत नाहीत आणि त्यांनी तो देऊही नये. या मर्यादेची जाणीव त्यांना पक्की होती. त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विनंती केली की कुटुंबाशी एकदा बसून बोलावे, आणि बोलणे चालू असताना मामींच्या चेहऱ्याकडे पाहून दोनदा मध्येच थांबवून ‘हे पुन्हा एकदा सोपे करून सांगता का’ असे विचारले. डॉक्टरांनीही ते मनावर घेतले आणि कागदावर हृदयाचे चित्र काढून कोणती नस किती बंद आहे ते दाखवले. रुग्णाच्या बाजूने बोलणारा माणूस म्हणजे डॉक्टरांशी भांडणारा माणूस, अशी अनेकांची समजूत असते. येथे मी पाहिले की तो माणूस नुसता जवळ असला तरी बोलणे नीट होते.

भांडण्याची वेळ मात्र एकदा आली. रुग्णालयातील एका कर्मचाऱ्याने मामेभावाला बाजूला घेऊन सांगितले की योजनेतला स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळी) साधा असतो, चांगला हवा असेल तर फरकाची रक्कम रोख द्यावी लागेल. घाबरलेला माणूस अशा वेळी शेत गहाण टाकायलाही तयार होतो. आरोग्यमित्रांना हे कळताच त्यांनी त्या कर्मचाऱ्याला, आमच्या देखत, एवढेच सांगितले की कोणत्या कारणासाठी किती रक्कम हवी आहे ते रुग्णालयाच्या कागदावर लिहून द्यावे म्हणजे तो कागद योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे पाठवता येईल. कागद काही आला नाही आणि मागणीही पुन्हा झाली नाही. नंतर त्यांनी आम्हांला सांगितले की हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्येच बांधून दिलेली आहे आणि योजनेत तपासण्या, औषधे, स्टेंट, रुग्णाचे जेवण हे सगळे मंजूर रकमेतच धरलेले असते. ज्याला पैसे मागितले जातात त्याने ‘लिहून द्या’ हे दोन शब्द लक्षात ठेवावेत, असे मला मनापासून वाटते.

घरी सोडतानाही त्यांचे लक्ष सुटले नाही. पहिल्या रात्री आम्ही बाहेरून आणलेल्या औषधांच्या पावत्या त्यांनी मागून घेतल्या आणि ती रक्कम रुग्णालयाकडून परत मिळवून दिली. परतीच्या प्रवासाचे एस.टी.चे भाडेही योजनेतून मिळते, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. रक्कम लहान होती, पण ती मामींच्या हातात पडली तेव्हा स्टेंटच्या मंजुरीइतकाच त्यांचा त्यावरही विश्वास बसत नव्हता. समाधानपत्रावर सही घेण्यापूर्वी त्यांनी ते पूर्ण वाचून दाखवले आणि कोठेही पैसे द्यावे लागले असतील तर सहीपूर्वीच सांगा, असे स्पष्टपणे विचारले. ही सही घाईघाईत करून देणारे पुष्कळ असतात, आणि नंतर तक्रार करायला गेल्यावर तोच कागद त्यांच्यापुढे ठेवला जातो.

त्याच कक्षासमोर बसलेलो असताना चोपड्याकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून आलेली पावरा समाजातील एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली होती. तिला मराठी जेमतेम येत होती. आरोग्यमित्रांना पावरी येत नव्हती, तेव्हा त्यांनी चोपड्याच्या बाजूच्या एका वॉर्डबॉयला बोलावून घेतले आणि त्याच्यामार्फत सगळे विचारले. मुलीला लागणारी शस्त्रक्रिया योजनेत शासकीय रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेल्या उपचारांपैकी होती, म्हणजे त्या खासगी रुग्णालयात ती योजनेतून होणार नव्हती. ‘येथे पैसे भरून होईल’ असे सांगून तिला थांबवून घेणे त्या रुग्णालयाच्या फायद्याचे ठरले असते. त्यांनी तसे न करता तिला जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले, तेथील आरोग्यमित्राला तिच्यादेखत फोन केला आणि त्याचे नाव व बसण्याची जागा चिठ्ठीवर लिहून दिली. कोणत्याही सेवेची पारख करताना मी हे पाहतो की ती आपल्या दाराबाहेर पाठवताना माणसाला कशी पाठवते. या कसोटीला ही सेवा पूर्ण उतरली.

आता उणिवांकडे येतो, आणि त्या व्यक्तीच्या नसून व्यवस्थेच्या आहेत. आरोग्यमित्राने रुग्णाची बाजू घ्यायची आहे, पण त्याला रोज बसायचे आहे ते त्याच रुग्णालयात, जेथील कर्मचाऱ्यांशी संबंध बिघडले तर त्याचे दैनंदिन काम अडते. तो शासनाचा कायम कर्मचारी नाही; त्याची नेमणूक मधल्या संस्थेमार्फत कंत्राटी असते. अशा माणसाकडून ठाम उभे राहण्याची अपेक्षा करायची तर त्याच्या पगाराची आणि नोकरीची शाश्वती त्या अपेक्षेला साजेशी असली पाहिजे. आमचे आरोग्यमित्र निघता निघता थांबले, हा त्यांचा चांगुलपणा होता. अर्ध्या तासाने उशीर झाला असता तर आम्ही त्या खिडकीसमोर एकटेच असतो. रात्रीच्या वेळी आधार उरतो तो १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या निःशुल्क क्रमांकांचा. ते क्रमांक दाखल करण्याच्या खिडकीवर, डोळ्यांच्या उंचीवर लिहिलेले असावेत, पाण्याच्या यंत्रामागे नव्हे.

योजनेबाहेर काय राहते हेही आरोग्यमित्राने आधी सांगायला हवे, कारण अपेक्षाभंग तेथेच होतो. नुसती बाह्यरुग्ण तपासणी किंवा दाखल न होता घ्यायची औषधे योजनेत बसत नाहीत. घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे व तपासणी धरलेली असते. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मात्र त्यानंतरही पुष्कळ महिने चालू ठेवाव्या लागतात आणि पैसे वाचवण्यासाठी त्या मध्येच सोडणे जिवावर बेतू शकते. आम्हांला हे सांगितले गेले, आणि जनऔषधी केंद्राचा पर्यायही सुचवला गेला. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात उपलब्ध असलेल्या गोळ्या तेथूनच घ्याव्यात, हा सल्लाही उपयोगी पडला. मामा आता दर महिन्याला तेथेच जातात.

नंदुरबारच्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या भागांतील लोक मोठ्या आजारासाठी सुरतेला जातात, कारण ती त्यांना जवळ पडते. राज्याची योजना सहसा राज्याबाहेर चालत नाही. ज्या कुटुंबाचे नाव केंद्राच्या यादीत आहे आणि ज्यांच्याकडे आयुष्मान कार्ड आहे, त्यांना मात्र गुजरातमधील अंगीकृत रुग्णालयातही उपचार मिळू शकतात. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वयवंदना कार्ड सुरू झाले आहे, तेही घरातील वडीलधाऱ्यांसाठी काढून ठेवावे. धडगावसारख्या ठिकाणाहून रुग्णाला झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते तेथे ही चौकशी रुग्णवाहिकेत बसल्यावर करून भागत नाही. ती गावातील आशाताईंकडे आधीच झालेली असली पाहिजे. खरे तर दुर्गम पाड्यांवर पहिली आरोग्यमित्र आशाताईच असते, मग तिला ते नाव आणि त्या कामाचा मोबदला मिळो वा न मिळो.

एक इशारा द्यावासा वाटतो. बसस्थानकाच्या आणि रुग्णालयांच्या आसपास ‘योजनेत बसवून देतो’ असे सांगून पैसे घेणारे लोक भेटतात. आरोग्यमित्राची सेवा पूर्ण मोफत आहे, अर्जाला शुल्क नाही आणि मंजुरीसाठी कोणाला काही द्यावे लागत नाही. एवढेच नव्हे, तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आवश्यक आहे, आणि बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. योजनेत न बसणाऱ्या रुग्णासाठीही हे नियम लागू आहेत. मोठ्या शहरातील धर्मादाय रुग्णालयात जावे लागले, तर तेथे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवलेल्या असतात. त्या मागताना उत्पन्नाचा दाखला उपयोगी पडतो, म्हणून नाशिक-मुंबईला निघण्यापूर्वी तो तहसीलमधून काढून घ्यावा.

पाचपैकी किती गुण, असे कोणी विचारले तर त्या आरोग्यमित्रांना मी पूर्ण पाच देईन आणि ज्या व्यवस्थेत त्यांना काम करावे लागते तिला तीन. त्या व्यवस्थेकडून माझ्या मागण्या साध्या आहेत: मदत कक्ष दाखल करण्याच्या खिडकीला लागून असावा, मोठ्या रुग्णालयांत रात्रपाळीलाही एक आरोग्यमित्र असावा, फलक मराठीबरोबर अहिराणी, भिली आणि पावरीतही असावा, आणि मामींना मिळाला तसा चार ओळींचा कागद प्रत्येक कुटुंबाला, कोणाच्या चांगुलपणावर न सोडता, नियमानेच दिला जावा. तोपर्यंत जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या अंगीकृत रुग्णालयात कोणाला घेऊन जाणार असाल, तर शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांवरील नावे आजच जुळवून पाहा, बारा अंकी क्रमांक शिधापत्रिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि खिडकीवर एक रुपयाही भरण्यापूर्वी आरोग्यमित्र कोठे बसतात ते विचारा.